टाचेची आणेवारी

पहाटे ५.३०

इटियाडोह धरणाच्या पाळीकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर भरतीची पोरं धावताहेत. पोलीस भरतीला सोळाशे मीटर, वनरक्षकाला पाच किलोमीटर. आषाढ सरत आलाय, पावसाची भुरभुर आहे आणि इटियाडोहचं पाणी सांडव्याच्या खाली अजून बरंच आहे. सहा जण पळत गेले, त्यांच्या मागून सातवा चालत येतोय. तो चालतोय, पळत नाही, हे पाहून माझा जीव भांड्यात पडतो.

त्याच्या डाव्या घोट्यामागची दोरीसारखी जाड शीर चार महिने दुखत होती. शॉकवेव्ह मशीनच्या ठोक्यांच्या पहिल्या खेपेनंतर दुखणं एका रात्रीत निम्म्यावर आलं. पोरगा दुसऱ्याच दिवशी पूर्ण सोळाशे मीटर पळाला आणि चौथ्या दिवशी लंगडत माझ्याकडे आला. यात त्याची एकट्याची चूक नव्हती. ठोके बसले की त्या जागच्या वेदना वाहणाऱ्या नसा काही काळ मंदावतात, हे त्याला पहिल्याच दिवशी ठासून सांगायला हवं होतं. दुखणं थांबणं आणि शीर सांधणं यांची घड्याळं वेगळी आहेत. पहिलं कधी तासांत चालतं, दुसरं आठवड्यांत.

आता तो पायरीच्या कडेवर उभा राहून टाच हळूहळू खाली सोडायचा व्यायाम करतो, सकाळ-संध्याकाळ. जर्मनीत २००९ साली याच दुखण्यावर एक तुलना प्रसिद्ध झाली होती. नुसता हा व्यायाम केलेल्या ३४ जणांपैकी १९ जण चार महिन्यांत बरे किंवा बरेचसे बरे झाले. व्यायामाला शॉकवेव्हची जोड दिलेल्या ३४ पैकी २८. मी त्याला हे आकडे सांगितले तेव्हा त्यानं विचारलं, "मॅडम, उरलेले सहा?"

त्याच प्रश्नात माझा सगळा शनिवार जातो.

सकाळी ७.३०

मी अर्जुनी मोरगावला फिजिओथेरपीचा छोटा दवाखाना चालवते. शुक्रवारी रात्री मशीन गाडीत टाकून गोठणगावला मावशीकडे मुक्कामाला येते आणि शनिवारी तिच्या छपरीत रोगी तपासते. एक लाकडी दिवाण, एक पडदा, इन्व्हर्टर आणि मशीन. लोक त्याला ठोक्याचं मशीन म्हणतात. नाव अगदी बरोबर आहे. हँडपीसच्या नळीत धातूचा छर्रा असतो. कॉम्प्रेसरची हवा त्याला पुढे फेकते, तो टोकाच्या चकतीवर आदळतो आणि तो दणका जेलमधून कातडीखाली उतरतो. आत जाता जाता पसरतो आणि विरतो. तीन-चार सेंटीमीटरच्या खाली फारसं काही पोचत नाही. लहर एका बिंदूवर एकवटणारी मशीनं वेगळी असतात, ती खोल जातात आणि त्यांची किंमतही खूप असते. शॉकवेव्ह हे नाव दोन्हींना चालतं. त्यामुळे नागपूरच्या कुणाच्या तरी मेव्हण्याला कशानं बरं वाटलं आणि इथे कशानं वाटेल, याची तुलना पहिल्याच पायरीवर चुकते.

सकाळी ९.००

पहिली बाई रोवणीवरून आलेली नाही, रोवणीला निघालेली आहे. पन्नाशीच्या आसपास वय, लुगडं पोटरीपर्यंत खोचलेलं, हातात डबा. हुंड्याची, म्हणजे ठेक्याची रोवणी आहे, टोळी साडेदहाला बांधीत उतरेल. तिची ही चौथी खेप. बसायच्या आधीच ती विचारते.

"बाई, शेजारनीचं तीन खेपेत गेलं. माहं काहून नाई?"

मी तिचा पाय मांडीवर घेते. टाच उभ्या-आडव्या भेगांनी चिरलेली, भेगांत चिखलाचा काळा रंग मुरलेला. अंगठ्यानं टाचेच्या आतल्या कडेला दाबत जाते. एका जागी ती श्वास रोखते. तिथेच तळपायाचा चिवट पट्टा, प्लांटर फॅशिया, टाचेच्या हाडाला बांधलेला असतो. तिथे पेनानं खूण करते आणि विचारते, "सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल किती आणे?"

आमच्याकडे मोजमाप आण्यांचंच आहे. शून्य ते दहा हे आकडे कागदावर ठीक, पण धानाची आणेवारी ऐकत वाढलेल्या माणसाला सोळा आणे दुखणं आणि चार आणे दुखणं लगेच कळतं.

"बारा. मंगी दहा होतं."

म्हणजे उलट चढलंय. जेल लावते, दीड बारवर सुरू करते. टकटकटकटक. तिचा चेहरा आवळतो. मी दाब लगेच वाढवत नाही; ती सांगते त्या जागेवर टोक सरकवते, ती मान हलवते तसा दाब चढवते. जागा बधिर करणारं इंजेक्शन मी देत नाही. जर्मनीतच २००५ साली हे तपासून झालं: बधिर करून ठोके दिलेल्यांपेक्षा न बधिर करता दिलेल्यांना जास्त फायदा झाला. रोग्याचं "इथंच, इथंच" हे आमचं होकायंत्र, ते बंद करून कसं चालेल?

दोन हजार ठोके, सेकंदाला दहा. तीन मिनिटं वीस सेकंदांत काम संपतं.

मग मी तिच्या तळपायाला एक नायलॉनचा दोरा टेकवते, थेट गळाच्या तंगुसासारखा दिसणारा. तो वाकेपर्यंत दाबला की दहा ग्रॅमचा दाब पडतो. डोळे मिटून तिनं सांगायचं, लागला की नाही. अंगठ्याखाली लागला. करंगळीखाली नाही. टाचेला जाड कातडी आहे म्हणून ती जागा सोडते. पुन्हा करंगळीखाली. नाही.

बोटाला सुई टोचून साखर पाहते: २६८. तिला मधुमेह आहे हे तिला ठाऊक नव्हतं. मलाही पहिल्या तीन खेपांत ठाऊक नव्हतं. मी विचारलं होतं, ती "नाई" म्हणाली होती, आणि मी तपासलं नव्हतं.

साखर वर्षानुवर्षं वाढलेली असली की शिरा-पट्ट्यांतले कोलॅजेनचे धागे एकमेकांना चिकटून ताठ होतात, बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, नसा बोथट होतात. मशीन मारून शरीराला हाक देता येते, पण त्या हाकेला ओ द्यायला रक्त तिथवर पोचावं लागतं. तिला आज पहिलं काम प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं आहे. चिठ्ठी लिहून देते. ती म्हणते, रोवणी झाली की जाईन. मी तिच्या लेकाला फोन लावते.

सकाळी १०.१५

ती जिच्याबद्दल बोलत होती ती शेजारीण योगायोगानं मानेच्या दुखण्यासाठी आलीय. हिची टाच खरंच तीन खेपांत आणि दोन महिन्यांत बरी झाली. पण वहीतली दोघींची पानं उघडते तेव्हा दोन्ही पायांचं वेगळं जगणं दिसतं. हिचं दुखणं दहा आठवड्यांचं होतं, तिचं दोन वर्षांचं. हिचं किराणा दुकान, बसायला खुर्ची; तिचे पाय दिवसभर चिखलात. चिखल मऊ असतो खरा, पण टाच रुतते आणि प्रत्येक पाऊल उपसून काढताना पोटरी ताणते. पोटरी आखडली की तळव्याच्या पट्ट्यावरचा ताण वाढतो. शिवाय पऱ्ह्यांच्या पेंड्या डोक्यावर घेऊन धुऱ्यावरून अनवाणी चालणं. हिनं एमसीआरची मऊ चप्पल घेतली आणि घरातही घातली. तिला मी तीच चप्पल सांगितली होती. ती तिनं घेतली, आणि लेकीला दिली.

दोन वर्षं जुन्या दुखण्यात पट्टा नुसता सुजलेला नसतो. २००३ साली अमेरिकेत अशा पन्नास टाचांचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा सुजेच्या पेशींऐवजी झिजलेले, विस्कटलेले धागे दिसले. जितकं जुनं, तितकी डागडुजी मोठी. एकाच पावसात वरच्या बांधीचं आणि खालच्या बांधीचं धान सारखं येत नाही, हे या गावात मला कुणाला शिकवावं लागत नाही. टाचेच्या बाबतीत मात्र सगळे खेपा मोजतात.

दुपारी १२.००

लाईन गेली. इन्व्हर्टरवर कॉम्प्रेसर चालवायचा नाही असं मी ठरवलंय, दाब खाली-वर होतो. चार माणसं छपरीत बसून आहेत, त्यांतला एक एक्स-रे घेऊन आलाय. टाचेखाली काट्यासारखं वाढलेलं हाड दाखवतो आणि म्हणतो, "हे फोडून टाका जी."

हा गैरसमज का आहे ते मला कळतं. हे तंत्र जन्मलंच मुळी फोडण्यासाठी. ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिकमध्ये ख्रिश्चन शॉसी यांच्या चमूनं लहरींनी पहिल्यांदा एका माणसाचा मूतखडा शस्त्रक्रियेविना फोडला. पुढे संशोधकांच्या ध्यानात आलं की या लहरी हाडावर पडल्या तर तिथे नवं हाड धरायला लागतं. तिथून न जुळणारी हाडं, मग खांदा, मग टाच. अमेरिकेत टाचेसाठी मान्यता मिळाली ती २००० साली. फोडण्याचं यंत्र असं भरण्याच्या कामाला लागलं. टाचेवरच्या दाबानं काटा फुटत नाही आणि फुटायची गरजही नसते. काटा असून न दुखणाऱ्या टाचा कितीतरी असतात, आणि बऱ्या झालेल्या टाचेच्या एक्स-रेतही काटा बहुधा जागच्या जागी दिसतो.

मग होतं काय? तैवानमध्ये सशांच्या घोट्यामागची शीर जिथे हाडाला जोडते तिथे लहरी देऊन आठवड्यामागून आठवडे पाहिलं गेलं. रक्तवाहिन्या उगवण्याचे रासायनिक निरोप पहिल्याच आठवड्यात वाढले. प्रत्यक्ष नव्या केशवाहिन्या चौथ्या आठवड्यात दिसल्या आणि बाराव्या आठवड्यातही टिकून होत्या. पऱ्हे टाकल्यापासून रोवणीपर्यंत आपण किती दिवस थांबतो, असं मी एक्स-रेवाल्याला विचारते. तो म्हणतो, पंचवीस-तीस. मग टाचेला बारा आठवडे द्या.

आणि बारा आठवड्यांनंतरही काय? छर्ऱ्याच्या मशीनची खरी परीक्षा घेणारा एक मोठा अभ्यास २००८ साली आला, २५१ रोग्यांचा. निम्म्यांना खरे ठोके, निम्म्यांना खोटे. बाराव्या आठवड्याला खरे ठोके घेतलेल्यांपैकी ६१ टक्के यशस्वी ठरले, खोटे घेतलेल्यांपैकी ४२ टक्के. या दोन आकड्यांसमोर मी पुष्कळदा बसून राहिले आहे. वेळ, दिलासा आणि शरीराची आपली दुरुस्ती यांनीही कितीतरी टाचा बऱ्या होतात. मशीन त्यावर भर घालतं. आणि खरे ठोके घेऊनही शंभरातल्या ३९ जणांना तोवर पुरेसा गुण आलेला नसतो. त्यांना "तुमचंच काहीतरी चुकलं" म्हणायचा अधिकार आम्हाला कुणी दिलेला नाही.

दुपारी १.३०

डबा खाताना एक जण विचारून जातो, ठोक्यांनंतर दुखलं तर गोळी घेऊ का. सूज दाबणाऱ्या गोळ्या मी टाळायला सांगते, कारण ठोक्यांनी जी हलकी धग मुद्दाम पेटवलेली असते तिच्यावरच त्या पाणी ओततात. फार दुखलं तर साधी पॅरासिटामॉल. आणि खर्रा? हा प्रश्न तो विचारत नाही, मी विचारते. त्याच्या गालात आत्ताही आहे. तंबाखूतलं निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं. ज्या वाहिन्या उगवाव्यात म्हणून आपण दर शनिवारी खटपट करतो त्याच. तो बाहेर जाऊन थुंकून येतो. सोमवारी काय होईल ते मला माहीत आहे, तरी पुढच्या शनिवारी पुन्हा विचारीन.

दुपारी २.३०

लाईन आली. ढिवर समाजातले एक काका आलेत. चाळीस वर्षं इटियाडोहच्या पाण्यात जाळं फेकलेला उजवा खांदा. एक्स-रेत खांद्याच्या शिरेत खडूसारखा साठा दिसतो, कडा धारदार, रंग गडद पांढरा. ढगासारखा विरविरीत साठा लवकर विरघळतो, असा घट्ट खडा तग धरून राहतो. त्याला खोल जाणारी, एकवटणारी लहर आणि जास्त ऊर्जा लागते. माझं मशीन त्या कामाचं नाही. शिवाय दोन आठवड्यांपूर्वी त्यांनी कुठेतरी खांद्यात स्टिरॉइडची सुई घेतली आहे. सुईनंतर किमान सहा आठवडे त्या जागी ठोके द्यायचे नसतात.

"म्हनजे काहीच करत नाई का?" काका हिरमुसतात. मी त्यांना काठीचा व्यायाम शिकवते, जाळं डोक्यावरून न फेकता कमरेच्या वळशानं कसं फेकता येईल ते विचारते. उलट तेच मला दाखवतात, छपरीत, रिकाम्या हातांनी. चाळीस वर्षांचा सराव आहे. अंग बरोबर वळतं, फक्त खांदा मध्येच अडतो. पैसे न घेता त्यांना पाठवते, सोबत मोठ्या शहरातल्या हाडांच्या डॉक्टरांसाठी पत्र.

दुपारी ३.३०

आज मशीन न लावता परत पाठवलेले आणखी दोघं.

एक चोवीस वर्षांचा मुलगा, दोन्ही टाचा दुखतात. दोन्ही, हे ऐकलं की मी पेन खाली ठेवते. सकाळी अंग किती वेळ जखडतं? तासभर. चाललं की मोकळं होतं? हो. रात्री कंबर दुखून जाग येते? हो. डोळा लाल होऊन दुखला होता? मागच्या वर्षी. हे टाचेचं दुखणं नव्हे, मणक्याच्या आतून येणारा संधिवात असू शकतो. कुठेतरी त्याला आठ खेपा दिल्या गेल्या होत्या. गुण न येण्याचं सर्वांत साधं कारण हेच असतं: निदान दुसरंच. गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात रक्त आणि एमआरआय तपासायला सांगते.

दुसरी एकोणीस वर्षांची मुलगी, जांघेत दुखतं, आईला ठोके हवेत. मी आधी विचारते, सिकलसेलची तपासणी झाली आहे का? पूर्व विदर्भात हा प्रश्न विचारल्याशिवाय हाडाच्या दुखण्याला हात लावायचा नाही, हे मी स्वतःला घालून घेतलं आहे. कोयत्यासारख्या वाकड्या पेशी खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तोडू शकतात आणि सुरुवातीला साधा एक्स-रे निर्दोष दिसतो. आई पर्समधून कार्ड काढते. सिकलसेल आहे. मोठ्या दवाखान्यात जायला त्या दोघींना मी आज रिक्षा करून देते, बसची वाट बघू देत नाही.

संध्याकाळी ४.४५

आमाला येतात. तिबेटीत आईला आदरानं असंच म्हणतात. तिबेटी वसाहतीतल्या, वय एकाहत्तर. वसाहत १९७२ सालची. तिच्या नावात अजून भंडारा आहे, कारण तेव्हा हा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता, गोंदिया वेगळा झाला १९९९ला. आमालांची टाच ही माझ्या वहीतली सर्वांत जलद बरी झालेली टाच आहे. तीन खेपा, सातवा आठवडा, सोळा आण्यांवरून दोन आण्यांवर. वय वाढलं की भरून यायला वेळ लागतो, हे खरंच आहे. पण त्यांनी दुखणं सहाव्या आठवड्यातच दाखवलं. साखर नाही, तंबाखू नाही. पायात बारा महिने मोजे आणि मऊ बूट. देवळाभोवतीची प्रदक्षिणा चालू ठेवली, फक्त फेऱ्या निम्म्या केल्या.

आणि व्यायाम. बिछान्यातून उतरायच्या आधी पाय मांडीवर घ्यायचा, हातानं बोटं नडगीकडे ओढायची, दहा मोजायचे, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. बहुतेकांचं मोजणं तिसऱ्या दिवशी बंद पडतं. आमाला जपमाळेवर मोजतात. मला मणी दाखवतात, एकशे आठ, आणि त्यांतला एक बोटानं धरून म्हणतात, "पहिलं पाऊल याच्यानंतर." हिवाळ्यात स्वेटर विकायला बाहेरगावी जायचंय, दिवसभर उभं राहायचंय, त्याची त्यांना काळजी. मी दुसरा व्यायाम देते: बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल, पायरीच्या कडेवर उभं राहून तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंदांत खाली. एक दिवसाआड.

त्यांचं कौतुक करताना सकाळच्या बाईंचा चेहरा डोळ्यांसमोर येतो. आमालांना अर्धी प्रदक्षिणा परवडते. अर्धी रोवणी परवडत नाही. हुंड्याच्या टोळीत एक बाई कमी पडली तर बाकीच्यांवर ओढ येते, आणि पुढच्या वेळी तिला बोलावणं येत नाही. "विश्रांती घ्या" हे तीन खोल्यांच्या दवाखान्यात बसून लिहायला फार सोपं औषध आहे. निदान तिला पेंड्या वाहायचं काम न देता एका बांधीत रोवायला ठेवा, असं टोळीच्या मुकादमीण बाईंना सांगता आलं तर दोन आठवड्यांत फरक पडेल. पाचच्या सुमारास मी गाडी काढून बांधीवर जाते. मुकादमीण चिखलातून वर येते, ऐकून घेते आणि म्हणते, "हे तिनं आमाले काहून नाई सांगतलं?"

रात्री ८.००

मशीन पुसून गाडीत. वही मांडीवर. आज अकरा जण आले, ठोके सहा जणांना दिले. एका माणसाच्या वाट्याला तीन मिनिटं वीस सेकंद. आठवड्यात १०,०८० मिनिटं असतात. उरलेली सगळी चिखलात, पायरीवर, चुलीपुढे, खर्ऱ्याच्या पुडीशी, झोपेत जातात. ती कशी गेली ते ज्या दिवशी मी विचारत नाही, त्या दिवशी माझी नोंद अर्धवट असते. म्हणून आजपासून नव्या पानावर पहिली ओळ ठोक्यांची नसेल. दुखणं सुरू झाल्याचा महिना, साखरेचा आकडा, दिवसातले उभे तास, पायात काय, तंबाखू, आधी घेतलेल्या सुया, हे आधी.

फोन वाजतो. सकाळच्या बाईंचा लेक. आईला आरोग्य केंद्रात नेलं होतं, गोळ्या सुरू झाल्या. चप्पल बहिणीकडून परत घेतली नाही, नवी घेतली.

वाचणाऱ्यांपैकी कुणाची टाच, खांदा किंवा कोपर दुखत असेल आणि शॉकवेव्ह घ्यायचं ठरलं असेल, तर पहिल्या खेपेआधी साखर तपासून घ्या. दुखणं सुरू झाल्याचा महिना आणि घेतलेल्या सगळ्या सुयांची यादी कागदावर लिहून न्या. दोन्ही टाचा एकदम दुखत असतील, गरोदरपण असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर ते आधी सांगा. आणि तिसऱ्या खेपेला गुण आला नाही म्हणून शेजाऱ्याच्या पायाकडे बघू नका. बाराव्या आठवड्याच्या सकाळी पहिलं पाऊल टाकून आणे मोजा.

सकाळच्या बाईंचा बारावा आठवडा दिवाळीआधी, हलकं धान कापणीला येईल तेव्हा भरतो.